मोरीच्या पाण्यावरचे रंग

“ह्याला फूल येतंय का?”

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी माहेराहून गोडेतेलाच्या डब्यात लावलेलं क्रोटन लातूरला घेऊन आले, तेव्हा सासूबाईंनी विचारलेला हा प्रश्न. येतं, पण बघण्यासारखं नाही, असं मी म्हणाले. “आन फळ?” नाही. “शेळी खाती का पाला?” शेळी तोंड लावत नाही, चीक असतो. त्यांनी डब्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. पिवळ्या शिरांची सहा-सात पानं होती, खालच्या दोनांवर लाल उतरायला लागला होता. “मग पाणी कशाला घालायचं गं त्याला?”

त्यात टोमणा नव्हता. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या पदरात दोन लेकरं होती. त्या खडी फोडायला गेल्या होत्या, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि सरकारी सुकडीवर त्यांनी ते दिवस काढले होते. पाणी कुणाला घालायचं, याची एक रांग त्यांच्या मनात पक्की होती. आधी माणूस, मग दावणीचं जनावर, मग तुळस. दारात आलेला कुणीही या रांगेत पुढे. शोच्या झाडाला त्या रांगेत जागाच नव्हती.

आमच्याकडे या झाडांना ‘शोची झाडं’च म्हणतात. क्रोटन, कोलियस, ड्रॅसिना, अ‍ॅग्लोनिमा, सगळी एका शब्दात. म्हणजे देवाला वाहता येत नाहीत, भाजीत घालता येत नाहीत, गजऱ्यात माळता येत नाहीत. मला या शब्दाचा राग यायचा. आता येत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ मी पानांच्या रंगासाठी झाडं लावते आहे, आणि जवळपास प्रत्येक एप्रिलमध्ये हातात मग घेऊन कुंड्यांपुढे उभी राहिले की सासूबाईंचा तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन उभा राहतो.

वडील बांधकाम खात्यात कारकून होते. औसा, निलंगा, उमरगा अशा बदल्या व्हायच्या. प्रत्येक गावात एक डाक बंगला असायचा आणि प्रत्येक डाक बंगल्यापुढे तोच देखावा. चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या दोन ओळी, मधे मुरमाची वाट आणि दोन्ही बाजूंना क्रोटन. उन्हाळ्यात गावात नजर जाईल तिथं सगळं करडं असायचं. शेतं नांगरून उघडी पडलेली, बाभळीवर धूळ, गवत वाळून पांढरं. त्या करड्यात ही लाल-पिवळी-काळपट झुडपं मला जत्रेत आल्यासारखी वाटायची. निलंग्याच्या चौकीदाराने एकदा छाटणी करताना मला एक फांदी दिली. “शेंड्याची दोन पानं ठेव, बाकीची काढ, आणि सावलीत लाव,” एवढंच सांगितलं. आईने तेलाचा डबा दिला, खिळ्याने बुडाला भोकं पाडून दिली. तेच ते क्रोटन. तीन बदल्यांत ते आमच्याबरोबर ट्रकमधून फिरलं, दर वेळी सगळी पानं टाकून रुसलं आणि दर वेळी पुन्हा फुटलं. क्रोटनचा हा स्वभावच आहे. जागा बदलली, उजेड बदलला की ते पानं टाकतं. अनेक जण तिथंच ‘मेलं’ म्हणून उपटून टाकतात. खोडावर नखाने बारीक ओरखडा काढून बघावा. आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

हे झाड मूळचं आपलं नाही. इंडोनेशियाच्या पूर्वेकडची मालुकू बेटं, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं हा त्याचा मुलूख. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस नावाच्या निसर्गअभ्यासकाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं. 1670 मध्ये रुम्फियसची दृष्टी गेली, तरी पुढे कितीतरी वर्षं तो दुसऱ्यांना सांगून झाडांची वर्णनं लिहवून घेत राहिला. रंगीत पानांच्या या झाडाची नोंद करणाऱ्या माणसाला आयुष्याचा एवढा मोठा भाग रंग दिसत नव्हते, हे वाचल्यापासून मी क्रोटनच्या पानावरून बोट फिरवून बघते. जाड, मेणचट, थंड लागतं. तर्नाते बेटावरच्या ‘कोडिहो’ या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव कोडिअम पडलं. खरा क्रोटन वेगळाच. त्या वंशातला आपल्या ओळखीचा म्हणजे जमालगोटा. दोघांचं कुळ तेवढं एक, एरंडाचं. एरंड आमच्या बांधावर पडीक उगवतो. म्हणजे नातं अगदीच परकं नाही.

आता क्रोटन लातुरात येतं ते आंध्रातून. राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे, आणि त्याच्या आसपास मैलोन् मैल नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. जूनमध्ये तिकडचे ट्रक आमच्या रिंगरोडच्या नर्सरीवर येऊन थांबतात. कडियम गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातलं, आणि तीच गोदावरी पैठणवरून, नांदेडवरून तिकडे वाहत जाते. आमच्या नदीकाठची माती ज्या दिशेने वाहून जाते, त्या दिशेकडून ही झाडं उलटी चढून येतात, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

पण तिकडची हवा ती दमट, समुद्राजवळची. इथं उतरल्यावर झाडाचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. ट्रकमधून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, वरून काळी पिशवी. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला की पुढचा घोटाळा ठरलेला. आपण घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जातं, गोळा आतून वीट होतो, वरची माती ओली दिसते आणि झाड तहानेनं जातं. माझी पहिली दहा-बारा झाडं अशीच गेली. मी पाणी घालत होते आणि ती कोरडी मरत होती. आता मी गोळा बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवते, बाहेरची माती हाताने सैल करते, थोडी मुळं उघडी होऊ देते आणि मगच लावते.

दुसरी गोष्ट आमच्या मातीची. काळी माती शेताला सोनं, कुंडीला मात्र वैरी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगाळताना कोवळी मुळं तोडते. तिच्यात चुनखडी असते, बोअरच्या पाण्यातही क्षार असतात, आणि पावसाच्या प्रदेशातल्या या झाडांना थोडी आंबट माती लागते. मग पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर हे झालं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. माझ्या अ‍ॅकॅलिफावर पहिल्यांदा हा केवडा पडला तेव्हा मला तो नव्या जातीचा रंग वाटला होता! रोज कौतुकाने बघायचे. उसाची शेती करणारे माझे दीर एकदा आले आणि म्हणाले, “वहिनी, लोह कमी पडलंय की याला. हिराकस द्या.” मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. चिमूटभर हिराकस लिटरभर पाण्यात मिसळून फवारला आणि दोन आठवड्यांत नवी पानं तांबूस आली. तेव्हापासून कुंडीत काळी माती मी चौथ्या हिश्शाहून जास्त घालत नाही. बाकी जुनं शेणखत, कोकोपीट, वाळू, कुजलेला कडुनिंबाचा पाला आणि मूठभर निंबोळी पेंड. बुडाशी खापऱ्या.

उन्हाळ्यात दोन शत्रू येतात. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी जाळं धरतो. त्याला औषधापेक्षा पानांच्या खालून मारलेला पाण्याचा फवारा जास्त झोंबतो. आणि पिठ्या ढेकूण. कापसाच्या रानात तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन-चार दिसले की ओल्या चिंधीने पुसून काढावेत, वाट बघू नये.

रंगाचं बोलते. माझा समज होता की रंग हा खताचा आणि पाण्याचा खेळ आहे. झाड जितकं खाईल-पिईल तितकं रंगेल. नवीन घर बांधलं तेव्हा सगळ्यात देखणं क्रोटन मी बैठकीत टीव्हीशेजारी ठेवलं. पितळी कुंडी, रोज पान पुसणं, मोजून पाणी. चार-सहा महिन्यांत नवी पानं निव्वळ हिरवी यायला लागली. आंब्याच्या झाडासारखं झाड झालं. तेच मागच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात दुर्लक्षित राहिलेलं माहेरचं क्रोटन शेंदरी पेटलेलं होतं.

पानातला लाल रंग देणारं द्रव्य म्हणजे अँथोसायनिन. जांभळात, वांग्याच्या सालीतही तेच असतं. ते पेशीच्या रसात विरघळलेलं असतं आणि प्रखर उन्हापासून आतल्या हरितद्रव्याचं रक्षण करतं. ऊनच नसेल तर झाड ते तयार करण्याच्या खटाटोपात कशाला पडेल? उलट अंधारात त्याला प्रत्येक कण हिरवा हवा असतो, पोट भरायला. म्हणजे बैठकीतलं झाड हिरवं होत होतं ते उपाशी होतं म्हणून. आणि मी त्याला आणखी शेणखत घालत होते.

आंब्याची कोवळी पालवी तांबूस येते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं, ऊन सोसत नाही, म्हणून तो तांबूस पदर. पान निबर झालं की हिरवं होतं. क्रोटनचं बहुतेक जातींत नेमकं उलटं. कोवळं पान हिरवं-पिवळं येतं आणि जसजसं जुनं होत जातं तसतसं लाल, किरमिजी, काळपट होत जातं. एकाच फांदीवर वरून खाली बघत गेलं की पानाचं सगळं वय दिसतं. मला क्रोटन सगळ्यात जास्त आवडतं ते याच्यासाठी.

हे कळल्यावर मी घराकडे नव्याने बघितलं. आमच्याकडे पाणी नाही, दमट हवा नाही, एप्रिलच्या दुपारी हवेत ओलावा नावालाही नसतो. पण ऊन आहे. रत्नागिरीला माझ्या मावसबहिणीच्या परसात सुपारीच्या सावलीत क्रोटन पुरुषभर उंच आहे, पान हातभर लांब, आणि रंग मात्र फिका. माझं झाड कमरेएवढं आणि तिला हेवा वाटावा असं रंगलेलं. वर्षानुवर्षं मी कोकणातल्या बागेचे फोटो बघून झुरत होते आणि माझ्या अंगणात जे फुकट पडत होतं त्याच्यावर जाळी टाकत होते.

अर्थात सगळंच ऊन घेण्यासारखं नसतं. बैठकीतलं ते क्रोटन मी मे महिन्यात एकदम बाहेर ठेवलं आणि दोन दिवसांत त्याची पानं भाजून कागदासारखी झाली. सावलीत वाढलेल्या पानाला उन्हाची सवय करून द्यावी लागते. ती पावसाळ्यात, ढगाळ दिवसांत, हळूहळू. आता माझी बाग घड्याळावर चालते. पूर्वेच्या भिंतीशी साडेदहापर्यंत ऊन येतं आणि मग कडुनिंबाची सावली पडते. तिथं क्रोटन, अ‍ॅकॅलिफा, तांबडी कॉर्डिलाइन. गच्चीवर, जिथं दुसरं काही टिकत नाही, तिथं जांभळी ट्रॅडेस्कँशिया. ती मेक्सिकोची, तिला आमचा उन्हाळा नवा नाही. जितकं ऊन तितकी जांभळी. सावलीत ठेवली की हिरवट होऊन लोळते. उत्तरेच्या ओसरीत अ‍ॅग्लोनिमा, कारण तिची गुलाबी पानं उन्हात जळतात. ज्या झाडाच्या पानावर पांढरं जास्त, त्याला कडक उन्हापासून लांब ठेवावं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग स्वतःसाठी अन्न करत नाही आणि पहिल्यांदा तोच करपतो. कालाथिया आणि मरांटा मी सोडून दिल्या. सुंदर आहेत, पण आमच्या कोरड्या हवेत त्यांच्या पानांच्या कडा जळतात आणि ते बघवत नाही.

2016 साल सांगितल्याशिवाय लातुरातल्या कुठल्याही बागेबद्दल लिहिता येणार नाही.

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा हिशेब लोकांनी सोडून दिला होता. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणींतून पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या यायला लागल्या, प्रत्येक खेपेला 25 लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आला की आवाजाआधी घागरींचा खडखडाट ऐकू यायचा. घरात दोनशे लिटरचे तीन ड्रम होते. त्यात सहा माणसांचा आठवडा, कधी त्याहून जास्त, भागवायचा होता. आणि घरापुढे माझ्या 41 कुंड्या होत्या.

जानेवारीतच मी दिवसाआड पाणी सुरू केलं होतं. मार्चमध्ये चार दिवसांनी. नंतर रात्री घालायला लागले. उन्हात पाणी उडतं म्हणून, असं मी घरात सांगायचे. खरं कारण तेवढंच नव्हतं. समोरच्या रस्त्यावर बायका घागरी घेऊन उभ्या असताना दिवसाढवळ्या क्रोटनला पाणी घालायची मला लाज वाटत होती. एका रात्री पाण्याचा मग घेऊन वळले तर सासूबाई ओसरीत बसलेल्या. बराच वेळ बसल्या असाव्यात.

“सकाळी कुणी पाणी मागायला आलं,” त्या म्हणाल्या, “आन तिनं कुंडीतली ओली माती बघितली, तर तिला काय सांगशील?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग, हौस, माहेरची आठवण, यातलं काहीही त्या बाईपुढे उच्चारता आलं नसतं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी घालणं बंद केलं. कोलियस तीन दिवसांत गेलं. पातळ पानांची सगळीच भराभर गेली. मी पुढच्या दाराने जाणं-येणं टाळायचे.

आठ-दहा दिवसांनी, मी भांडी घासत असताना त्या मागच्या दाराशी आल्या. मोरीचं पाणी जिथं पडतं तिथं त्यांचा जुना अळूचा वाफा होता, शेजारी कर्दळ आणि एक केळ. त्यांच्या सासूच्या काळापासून. दुष्काळात राख वापरून भांडी घासत होतो, पाणी मोजकंच पडायचं, पण पडायचं. कर्दळीची तांबडी पानं हिरमुसली होती, तरी उभी होती. त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या, “असं कर. जी वाचलीत ती इकडं आण. हे पाणी कुणाच्या तोंडचं न्हाई.”

एवढंच. त्यांच्या मनातली रांग मोडली नव्हती. त्या रांगेच्या शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जे पाणी जमिनीत मुरून जातं, त्यावर त्यांनी माझ्या झाडांना जागा दिली होती. मी आणि माझा मुलगा, दोघांनी त्या संध्याकाळी कुंड्या मागे आणल्या. आंघोळ परातीत उभं राहून करायची, अंगाला साबणाऐवजी बेसन, आणि परातीतलं पाणी कुंड्यांना, एका कुंडीला एक पेला. पाऊस आला तेव्हा नऊ जिवंत होत्या. त्यात माहेरचं क्रोटन होतं. एकही पान नव्हतं त्याला. मी नखाने खोड ओरखडून बघितलं.

पानांची बाग हे बंगल्यांचं, हॉटेलांचं, फोटोंतलं काहीतरी आहे असं मी समजत होते. प्रत्येक वाड्याच्या मागे, न्हाणीच्या पाण्यावर, मोठ्या पानांची ती बाग आमच्या बायकांनी केव्हाची लावलेली होती. केळ, अळू, कर्दळ, हळद. या सगळ्याच मुळात उष्ण, ओल्या प्रदेशांतल्या. कोरड्या मराठवाड्यात त्या टिकल्या त्या दुसऱ्यांदा वापरलेल्या पाण्यावर.

आता माझी बहुतेक बाग मागच्या बाजूला आहे. मोरीचं पाणी आधी विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून जातं, मग कर्दळीच्या आणि अळूच्या वाफ्यातून, आणि झिरपून जे पुढे येतं ते जमिनीत पुरलेल्या अर्ध्या पिंपात साठतं. तेच कुंड्यांना. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी मात्र तिकडे जाऊ देत नाही. त्यातल्या सोड्याने काळी माती चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन पाणी मुरू देत नाही. कूलरचं उरलेलं पाणीही कुंडीत ओतू नका. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते बोअरच्या पाण्याहून वाईट. एसीतून ठिबकणारं पाणी चांगलं, जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं. माझ्या शेजारच्या दवाखान्यातल्या बाई त्यांच्या एसीचं पाणी बाटल्यांत भरून माझ्या अ‍ॅग्लोनिमासाठी ठेवतात.

कॅलेडियमची गंमत सांगायची राहिली. ब्राझीलकडचं हे झाड अळूच्या कुळातलं, पान कागदासारखं पातळ, पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे. पहिल्या वर्षी पावसाळाभर मी त्याच्यापुढून हलत नव्हते. दिवाळीनंतर एकेक पान लोळलं आणि डिसेंबरात कुंडी रिकामी. मी हळहळत होते. आमच्या शाळेत तेव्हा वसमतच्या एक बाई होत्या, घरची हळदीची शेती. त्या म्हणाल्या, “मेलं नाही हो मॅडम, झोपलंय. हळदीचा पाला वाळत नाही का?” कुंडी उकरली तर खाली टणक कंद. तेव्हापासून मी ते हळदीच्या बियाण्यासारखेच काढते, सावलीत सुकवते, कोरड्या वाळूत ठेवते आणि मृगाच्या सुमारास पुन्हा लावते. एक काळजी मात्र घ्यायची. कॅलेडियम कधीही अळूच्या वाफ्यात लावू नये. घाईत कुणाच्या हाती भाजीला लागलं तर तोंड, घसा सुजतो. डिफेनबेकियाचंही तेच, लहान मूल असेल तर ती घरात नकोच. अळूत खाजरे स्फटिक असतातच, पण चिंच आणि शिजवणं यांनी आपण त्याला वळणावर आणलंय. या दोघींना कुणी आणलेलं नाही.

कोलियस आता पुन्हा आहे. ते सासूबाईंच्या ताब्यात असतं. त्याचं कारण त्यांनीच शोधून काढलं. एक दिवस त्यांनी त्याची काडी बोटांत फिरवली, चौकोनी लागली. तुळशीची असते तशी. मग त्याला तुरा आला, तोही मंजिरीसारखा. “ही तुळशीची बहीण दिसतीय,” त्या म्हणाल्या. खरंच दोघींचं कुळ एक आहे. ओव्याच्या पानाचं झाड तर कोलियसच्या अगदी जवळचं. मंजिरी खुडली की तुळस पसरते हे त्यांना ठाऊक होतंच, कोलियसचा तुराही त्या न विचारता खुडायला लागल्या आणि ते असं भरलं की कुंडी दिसेना. जानेवारीत थंडी वाढली की त्याच्या चार फांद्या कापून त्या ओट्यावरच्या पेल्यात ठेवतात. आठवड्यात मुळ्या धरतात. झाड उन्हाळ्यात गेलं तरी पेला असतो. पेल्यातलं पाणी बदलताना जुनं पाणी त्या मागे नेऊन ओततात, तुळशीत नव्हे, क्रोटनच्या बुडाशी.

मागच्या वर्षी त्या क्रोटनला फुलं आली. नाजूक लोंबत्या दोऱ्यांवर ओवल्यासारखी, बारीक, पांढरट. मी त्यांना बोलावून दाखवली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून फांदी वाकवून डोळ्यांजवळ नेली. “हेच का ते फूल?” म्हणाल्या आणि पानाकडेच बघत राहिल्या.

यंदा मृग निघाल्यावर मी त्याच झाडावर पाच गुट्या बांधल्या आहेत, फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फुटाव्यात म्हणून. बोटभर रुंद साल गोल काढायची, ओलं मॉस पिळून भोवती लावायचं, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. महिना-सव्वा महिना जातो. एक गुटी दिरांच्या मळ्यातल्या घरासाठी, एक दवाखान्यातल्या बाईंना, एक वसमतला जाणार आहे. लेक पुण्याहून फोनवर तिची मागते आहे, पण तिच्या गॅलरीत ऊन येत नाही. तिला मी अ‍ॅग्लोनिमाचं पिल्लू देईन आणि तिची गुटी इथेच मोठी करीन, ती उन्हाच्या घरात जाईपर्यंत. पाचवीचं अजून ठरलेलं नाही. आज सकाळी प्लॅस्टिकवर बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. दोन गुट्यांत पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या आहेत, तिसरीत काही नाही. पाऊस अजून म्हणावा तसा नाही, पिंप निम्मं आहे. सासूबाई आतून विचारत होत्या, तांदूळ धुतलेलं पाणी कुठल्या बाजूच्या कुंड्यांना घालू.